पडद्याकडे पाठ

या, अशा जवळ या. भिंतीला टेकून बसू नका. कीर्तनात भिंतीजवळच्यांना डुलकी मिळते आणि पुढच्यांना गोष्ट, असं आमचे मेढेकरबुवा म्हणायचे. आज एका परदेशी सिनेमाची गोष्ट सांगणार आहे. चार माणसं, प्रत्येकाचं मन भलत्याच माणसावर, आणि गुंता असा की नखाने सुटेना. ऐकून झालं की खुशाल घरी जा. जाण्याआधी माझं एक मागणं आहे, ते शेवटी.

"शालन, एवढं मोठं धोतर कुणी गं वाळत घातलंय?"

वाचनालयाच्या सभागृहात पाऊल टाकता टाकता बुवांनी विचारलं. मी बघितलं तर व्यासपीठावर, जिथे दर गुरुवारी बुवा उभे राहायचे तिथे मागे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरं कापड ताणलेलं. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. कृष्णाकाठचं आमचं गाव तसं शांत, आणि गुरुवारची संध्याकाळ म्हणजे कीर्तनाची, हे गावातल्या म्हशींनाही माहीत होतं.

बुवा साठीचे, बुटके. पगडीखालून कान मात्र केवढे! मी त्यांच्या मागे उभी राहून झांज धरायची आणि ध्रुपद म्हणायची. पेटीवर दिगंबर पोरे. ते दिवसा एसटी स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत बसायचे आणि तिथेही फारसं बोलायचे नाहीत, बोट उचलून गाडी दाखवायचे. तबल्यावरचे अण्णा या गोष्टीत येत नाहीत, पण वाजवायचे चांगलं, म्हणून नाव घेतलं.

"धोतर नाही बुवा, पडदा आहे." पडद्यामागून रणदिवे सर बाहेर आले. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. उंच, गोरे, चष्मा सारखा पुसत असायचे. "आज आमच्या चित्रमंडळाचा पहिला खेळ. स्वीडनचा सिनेमा. पुण्याहून रिळांचे डबे आलेत."

"आणि आमचा गुरुवार?"

"तो... प्रमिलाताईंनी आम्हाला दिला."

सगळ्यांनी प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिला दांडेकर म्हणजे वाचनालयाची ग्रंथपाल आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. सभागृह कुणाला कधी द्यायचं ते तीच ठरवायची. तिने माझा दंड धरला आणि मला ओढत पुस्तकांच्या कपाटांमागे नेलं.

"आपला गुरुवार देऊन टाकलास?" मी म्हणाले.

"अगं, ते टेबलापाशी उभे राहून बोलत होते. चष्मा पुसायचे की पुन्हा बोलायचे. बोलणं संपावं म्हणून मी हो म्हणाले. कशाला हो म्हणाले ते आज पडदा आला तेव्हा कळलं."

"असं कसं गं? किती छान बोलतात ते!"

"तुला छान वाटतं, कारण तुझ्याशी ते बोलत नाहीत."

हे मात्र खोटं होतं. ते माझ्याशी एकदा बोलले होते. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, शिवणाच्या दुकानात पँटचं माप द्यायला आले तेव्हा म्हणाले होते, "तुमचा आवाज छान आहे." तेवढ्यावर मी सहा महिने काढले होते. आणि आता वेळ उरला नव्हता. रविवारी बार्शीचे लोक मला बघायला येणार होते. आबांनी सांगून ठेवलं होतं, "मनात कुणी असेल तर आधी बोल. त्यांचे पोहे खाऊन झाल्यावर बोलू नकोस, मला तोंड दाखवायचं असतं." म्हणून मी ठरवलं होतं, आज काय व्हायचं ते होऊ दे, सरांच्या कानावर घालायचंच.

हे सगळं, सरांच्या त्या एका वाक्यासकट, मी प्रमिलाला सांगितलं. ती आधी हसली, मग एकदम गंभीर झाली.

"शालन, माझंही एक आहे. तुमचे पेटीवाले."

"पोरे? ते बोलत नाहीत गं!"

"म्हणूनच."

मग आम्ही दोघींनी तिथे कपाटाआड करार केला. तिने माझं सरांशी बोलायचं, मी तिचं पोऱ्यांशी. परतलो तेव्हा बुवा कपाटाच्या अलीकडेच बाकावर बसून चिपळ्यांचे घुंगरू पुसत होते.

"झालं का गं मसलत करून?" एवढंच म्हणाले. मग सरांना म्हणाले, "परदेशातून आलाय ना तुमचा सिनेमा? पाहुण्याला आधी पाट द्या. आम्ही घरचेच. शेवटी आरती करू, म्हणजे गुरुवार मोडला असं व्हायचं नाही."

सात वाजेस्तोवर सभागृह भरलं. अर्ध्यात कॉलेजची मंडळी, अर्ध्यात कीर्तनाची. पहिल्या रांगेत खुर्चीवर प्राचार्य, शेजारी रणदिवे सर, त्यांच्यापासून एक खुर्ची सोडून प्रमिला, आणि खाली सतरंजीवर गंगूबाई सोनार वाती वळत बसल्या होत्या. दिवे मालवले. पडद्यावर मोठं तळं उमटलं, काठावर पांढरं घर, आणि लख्ख उजेड.

"मंडळी," सर उभे राहिले, "तिकडे उन्हाळ्यात रात्र अशी होतच नाही. पडद्यावर आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत."

"अगो बाई," गंगूबाई म्हणाल्या, "मग तुळशीपाशी दिवा कधी लावतात?"

कॉलेजची पोरं हसली. इथवर ठीक होतं. पण पडद्यावरची माणसं बोलायला लागली आणि सरांचा चेहरा उतरला. खाली इंग्रजी अक्षरं यायला हवी होती. आली नाहीत. पुण्याहून भलतीच प्रत आली होती, आणि ती भाषा आमच्या जिल्ह्यात कुणाला येत नव्हती.

"काय म्हणतोय तो टोपीवाला?" गंगूबाईंनी विचारलं.

"तो... प्रेमाविषयी बोलतोय."

"आणि ती?"

"तीही."

"मग झालं की! उठा, आरती घ्या."

हशा पिकला. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली, चारपाच जण उठले. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं आणि सरांकडे असं पाहिलं, की चित्रमंडळाचा हा पहिला खेळ शेवटचा होणार हे आंधळ्यालाही दिसावं. सर बिचारे चष्मा पुसत उभे. मला ते बघवेना. मी अंधारातून बुवांकडे गेले.

"बुवा, तुम्ही सांगा ना गोष्ट."

"मला कुठे येते गं त्यांची भाषा?"

"सरांनाही येत नाही."

बुवा खुदकन हसले. सरांना जवळ बोलावून म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे तेवढं सांगा."

"फार नाही हो. चार माणसं. प्रत्येकाचं प्रेम चुकीच्या माणसावर. उन्हाळ्यात सगळी तळ्याकाठी जमतात आणि शेवटी गुंता सुटतो."

"कसा?"

"ते बघायचंच तर होतं!"

"बास. यापेक्षा कमी सामानावर मी सात सात दिवस उभा राहिलोय. पेटी घ्या."

सर घाईघाईने म्हणाले, "बुवा, तुम्ही पडद्याकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे दिसेल तसं सांगता येईल."

"ते नाही जमायचं, सर. एकदा नारदाच्या गादीवर उभं राहिलं की श्रोत्यांकडे पाठ करायची नाही. गुरूंनी घालून दिलंय. तुमचा सिनेमा राहू दे माझ्या पाठीशी. मधूनमधून मान वळवेन."

सिनेमाचा आवाज बंद केला, चित्र तसंच चालू राहिलं. बुवा पडद्याच्या कोपऱ्याखाली, व्यासपीठाच्या कडेला उभे राहिले, श्रोत्यांकडे तोंड करून. मी नेहमीसारखी त्यांच्या मागे. पोरे बाजूला पेटी घेऊन आडवे बसले. आमच्या पाठीमागे स्वीडन, आणि समोर पडद्याच्या उजेडात पहिल्या तीन रांगांचे चेहरे चांदण्यात बसल्यासारखे. मला बरंच झालं. सर अगदी समोर होते.

बुवांनी चिपळ्या वाजवल्या, देवाचं नाव घेतलं आणि तिथल्या तिथे दोन ओळी जुळवून गायल्या.

"पुढल्याची पाठ पाहण्यात गुंतले,
मागल्याचे मुख पाहायचे राहिले।"

मी ती ओळ उचलली. उठलेली माणसं पुन्हा बसली.

"तर मंडळी, या तळ्याकाठी चौघे जण. त्यांची नावं आपल्या जिभेला झेपायची नाहीत, म्हणून आपली आपण ठेवू. हे टोपीवाले म्हणजे तात्यासाहेब. किल्ल्यांचा जुडगा घेतलेल्या त्या आक्का. गळ्यात पेटी अडकवलीय तो पेटीवाला. आणि होडीतली ती पोरगी म्हणजे होडीवाली. आता तात्यासाहेबांना पुस्तकांचं वेड. रोज आक्कांकडे जायचं आणि एक पुस्तक परत करायचं. वाचलेलं? छे! वाचायला नेलेलंच नव्हतं."

"पण ते तर मासे धरतायत," गंगूबाई म्हणाल्या.

"हात गळाला आहे, गंगूबाई. मन पुस्तकाला."

"असं होय."

"तात्यासाहेब बोलायला लागले की आक्का आपल्या हो म्हणून मोकळ्या. कशाला हो म्हटलं ते मग सावकाश कळायचं."

समोर प्रमिलाने पदर तोंडाला लावला. मलाही हसू आलं. स्वीडनमध्येही अस्संच असतं म्हणायचं! सरांनी मात्र चष्मा काढला आणि न पुसताच परत घातला.

"तात्यासाहेबांचं लक्ष आक्कांकडे. आक्कांचं? आक्कांचं पेटीवाल्याकडे. का, तर तो बोलत नाही. न बोलणाऱ्या माणसाच्या पोटात फार काहीतरी असेल असं बाईमाणसाला वाटतं. कधी कधी असतंही. याच्या पोटात होतं. पण ते आक्कांसाठी नव्हतं. होडीवाली गायला लागली की याच्या पेटीत एक जास्तीचा सूर यायचा. ती गप्प झाली की पेटी पुन्हा सरळ. गावात कुणाच्या ध्यानात आलं नाही. होडीवालीच्या तर नाहीच नाही."

इथे आमची पेटी चुकली. पोरे कधी चुकायचे नाहीत, म्हणून मला आठवतं. अण्णांनी तबल्यावर सांभाळून घेतलं.

"आणि होडीवाली? तिचं मन तात्यासाहेबांवर! तात्यासाहेब तिला एकदा म्हणाले होते, 'तुमचा आवाज छान आहे.' संपलं. अहो, माणूस पेढा देणाऱ्याला विसरतो, पण कौतुक करणाऱ्याला नाही. तेवढ्या चार शब्दांवर पोरगी वल्ही मारत सुटली."

माझे कान तापले. सगळ्या मुलींना सगळे असंच म्हणतात की काय, असा एक विचार मनात येऊन गेला आणि तो काही चांगला वाटला नाही. समोर सर बसले होते. मी नीट पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. बुवांकडेही नाही आणि पडद्याकडेही नाही. ते एक खुर्ची सोडून पलीकडे बघत होते.

तेवढ्यात पहिला डबा संपला. दिवे लागले. आमच्याकडे पूर्वरंग झाला की बुवांना हार घालतात आणि बुक्का लावतात, तो सगळा थाट सरांनी स्वतः केला. गर्दीत प्रमिलाने मला डोळ्याने खुणावलं. पोऱ्यांशी बोल! करार तो करार. मी पेटीपाशी जाऊन बसले.

"पोरे, एक विचारू? तुम्हाला प्रमिला कशी वाटते?"

"चांगली आहे. पुस्तकं वेळेवर देते."

"तसं नाही हो."

"मग कसं?" त्यांनी मान वर केली नाही. भात्याची चाबी बसवत म्हणाले, "शालनताई, उत्तररंगात ध्रुपद थोडं खाली घेऊ. तुमचा गळा दुपारपासून बसलाय."

"दुपारपासून? तुम्हाला काय माहीत?"

"दुपारी स्टँडसमोर भाजीवालीशी भांडत होतात. गवारीवरून."

"आणि ते तुम्हाला खिडकीत ऐकू आलं? एवढ्या गाड्यांच्या आवाजात?"

त्यांनी पेटीचा भाता उघडला. दिवे मालवले म्हणून मी उठले. माझं काम राहूनच गेलं.

दुसऱ्या डब्यात पडद्यावर मोठी जत्रा भरली असावी, कारण समोरचे चेहरे एकदम उजळले आणि गंगूबाईंनी वाती खाली ठेवल्या. "अहो बुवा, हे काय? उन्हाळ्यात होळी? मधे उंच खांब, त्याला पानंफुलं, आणि सगळे फेर धरतायत!"

बुवांनी मान वळवली. क्षणभरच. परत वळले तेव्हा त्यांचे डोळे असे चमकत होते, जसे आख्यान सापडल्यावर चमकायचे.

"होळी नव्हे, गंगूबाई. हा त्यांचा उत्सव. आणि ही प्रदक्षिणा! बघा, तात्यासाहेब आक्कांच्या मागे, आक्का पेटीवाल्याच्या मागे, पेटीवाला होडीवालीच्या मागे, आणि होडीवाली पुन्हा तात्यासाहेबांच्या मागे. गोल! फिरतायत, फिरतायत. कुणी थांबत नाही, आणि कुणाला कुणी भेटत नाही. प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसते. प्रत्येकाला वाटतं, मी एकटाच मेला चालतोय, माझ्याकडे बघणारं कुणी नाही. अहो, आहे! पण ते मागे आहे!"

चिपळ्या थांबल्या. बुवांनी आवाज खाली आणला.

"आता सांगा, हा गुंता सुटायचा कसा? विठोबाच्या देवळात हव्या तेवढ्या प्रदक्षिणा घाला, सुटणार नाही. पण शंकराच्या देवळात आपण काय करतो, गंगूबाई?"

"शंकराच्या? तिथे पुरती प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीचं पाणी जातं ते गोमुख ओलांडायचं नाही. तिथून मागे फिरायचं."

"आणि मागे फिरलं की?"

गंगूबाईंनी हवेत बोट गोल फिरवून बघितलं. मग एकदम म्हणाल्या, "मागून येणारं माणूस समोर येतं!"

"समोर येतं! तोंड दिसतं हो त्याचं! मंडळी, त्या तळ्याकाठी होडीवालीच्या पायाशी पाण्याची एक धार आली. ती थांबली. तिला कुणी थांबवलं नाही, पाण्याने थांबवलं. आणि ती..."

बुवा बोलायचे थांबले. मान न वळवता म्हणाले, "शालन, ध्रुपद."

खाली घ्यायचं ठरलं होतं. मी सूर घ्यायला पेटीकडे वळले.

दिगंबर पोरे माझ्याकडे बघत होते. हात पेटीवर होते, पण डोळे नव्हते. पडद्याचा उजेड त्यांच्या अर्ध्या तोंडावर होता आणि त्या अर्ध्या तोंडावर जे होतं ते मी कधी कुणाच्या तोंडावर बघितलं नव्हतं. निदान माझ्यासाठी नव्हतं बघितलं. तीन वर्षं मी त्या माणसाच्या हाताच्या अंतरावर उभी होते. त्याच्या पेटीतून सूर घेत होते, आणि सूर देणाऱ्याकडे वळून पाहायचं मला सुचलं नव्हतं. त्यांनी नजर खाली घेतली नाही. सूर दिला. अर्धा सूर खालचा, माझ्या बसलेल्या गळ्याला सोसेल असा.

"पुढल्याची पाठ पाहण्यात गुंतले," मी म्हटलं, आणि पुढच्या ओळीत 'मुख' शब्दावर माझा आवाज फुटला. उरलेली ओळ पेटीनेच पुरी केली.

"बाकीच्यांचं काय झालं?" बुवा म्हणाले. "रांगेत एक जण थांबला की सगळ्यांना थांबावं लागतं. आक्का थांबल्या, मागे बघितलं. पुढचं त्यांचं त्या जाणोत. आपण आरती करू."

पडद्यावर अजून काहीतरी चाललं होतं, पण प्रोजेक्टर बंद करून लोक उभे राहिले. कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, गंगूबाईंनी डोळे पुसले. प्राचार्य सरांना म्हणाले, "पुढच्या महिन्यात दुसरा आणा. बुवांना विचारून तारीख घ्या." मी बुवांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि हळूच विचारलं,

"कसा होता गं सिनेमा? मला काही बघायला मिळाला नाही."

मी हसले. बुवांची थट्टा मला माहीत होती.

घरी जाताना आबा पुढे, मी मागे. दुकानापाशी आल्यावर मी धीर केला.

"आबा, बार्शीला कळवा. येऊ नका म्हणावं."

आबा थांबले. "कोण? चष्मेवाला?"

"नाही. पेटीवाले."

आबा रस्त्यातच हसायला लागले, इतके की त्यांना दुकानाच्या फळीला धरावं लागलं. "अगं, दोन वर्षं तो पोरगा एकच सदरा घेऊन येतोय. गळा घट्ट होतो म्हणे. मी मापून बघतो, गळा तेवढाच! गुंडी काढतो, तिथेच लावून देतो. तो म्हणतो, आता बरं वाटतंय. आणि तू आत पाण्याचा तांब्या आणायला गेलेली असतेस, तिकडे बघत बसतो."

"मग मला सांगायचं नाहीत?"

"मी शिंपी आहे, शालन. कापड दुसऱ्याचं. त्याने बोलल्याशिवाय मी कात्री लावत नाही."

सगळ्यात अवघड काम दुसऱ्या दिवशीचं. प्रमिलाला सांगायचं. वाचनालयात गेले तर ती पुस्तकांवर शिक्के मारत होती. जरा जास्तच जोरात.

"प्रमिला, मी पोऱ्यांशी बोलले, पण..."

"बघितलं मी. पहिल्या रांगेत होते."

"रागावलीस?"

"हो. मंगळवारपर्यंत रागावणार आहे." आणखी एक शिक्का. मग तो तसाच हातात धरून म्हणाली, "काल आरतीच्या वेळी मी मागे वळले. म्हटलं बघू तरी. सर उभे होते, बुक्का चष्म्यालाच लागलेला. तो पुसत होते."

"मग?"

"मग काय? नुसतं ऐकण्यापेक्षा बघायला बरे आहेत."

लगेच काही झालं नाही हं. ते पुढे दोन वर्षं पुस्तकं परत करत राहिले, आणि दोन्ही घरची मंडळी वेगळीच अडून बसली होती. पण झालं. आमच्या लग्नाला ती आली ती एकटी, तिच्या लग्नाला मी गेले ते मांडीवर लेक घेऊन. आणि रणदिवे सर! निवृत्त होईपर्यंत दरवर्षी पोरांना त्या सिनेमातल्या प्रदक्षिणेच्या प्रतीकावर व्याख्यान द्यायचे. मीही सांगत सुटले सगळ्यांना, की आमचं लग्न एका स्वीडिश सिनेमाने जमवलं.

परवा माझी नात पुण्याहून आली. तिने तो सिनेमा शोधून काढला, या वेळी अक्षरांसकट. आम्ही दोघं सोफ्यावर, ती मधे बसून वाचून दाखवतेय. तळं आलं, पांढरं घर आलं. मी म्हटलं, "ते बघ तात्यासाहेब! होडीवालीचं मन त्यांच्यावर आहे."

"आजी, काहीही काय? ते तिचे वडील आहेत."

"वडील?"

"हो. आणि तो पेटीवाला नाहीये, पोस्टमन आहे. पेटी त्याच्या भावाची. किल्लीवाल्या बाईंचं एका डॉक्टरशी जमतं. तो अजून यायचाय."

खांब आला. माणसं फेर धरून नाचली, अगदी हात हातात धरून, एकमेकांकडे तोंडं करून! कुणाची पाठ कुणाला दिसत नव्हती. पाण्याची धार नाही, कुणी थांबलं नाही. होडीवालीने शेवटी कुणाशीच लग्न केलं नाही. होडी घेऊन एकटीच निघाली, वल्ही मारत. तोंड मात्र काठाकडे, कारण वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागेच असतं.

मी यांच्याकडे बघितलं. हे शेंगदाणे खात होते.

"तुम्हाला माहीत होतं!"

"मी आडवा बसलो होतो. एक डोळा पडद्यावर होता."

"आणि दुसरा?" नातीने विचारलं.

"पेटीवर," हे म्हणाले, आणि ती खो खो हसली.

"अहो, मग बुवा सांगत होते ते काय होतं?"

"ते मासे धरणाऱ्याच्या हातात पुस्तक देत होते, तेव्हाच कळलं मला. बुवांनी सिनेमाकडे बघितलंच नाही, शालन. ते समोर बघत होते आणि मागचं ऐकत होते. पडद्याचा उजेड तुमच्या सगळ्यांच्या तोंडावर, आणि माझी पेटी त्यांच्या कानाशी. आणि काय हवं? म्हणून तर माझा हात चुकला. भर सभेत माझं मन वाचून दाखवत होते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू लोकांना सांगायचीस, आमचं लग्न सिनेमाने जमवलं. तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा व्हायचा." त्यांनी एक दाणा माझ्या हातावर ठेवला. "मी बघत बसायचो."

कसा होता गं सिनेमा, मला काही बघायला मिळाला नाही. बुवांनी खरंच विचारलं होतं आणि मी हसले होते. आता उत्तर द्यायचं म्हटलं तर ते नाहीत. आमच्या लेकीच्या बारशाला आले होते, तिच्या कानात चिपळ्या वाजवून गेले, आणि त्यानंतरच्या थंडीत गेले. पुढे उभे राहून सगळ्यांची तोंडं बघणारा तो माणूस घरी एकटाच जायचा. त्याला ना मूल, ना शिष्य. त्याचं नाव लावणारं कुणी नाही.

म्हणून हे मागणं. कधी शंकराच्या देवळात गेलात, गोमुखापाशी आलात आणि मागे फिरलात, तर जो कोणी समोर येईल त्याचं तोंड क्षणभर नीट बघून घ्या. आणि तिथे उभ्या उभ्या आमच्या मेढेकरबुवांची आठवण काढा.